पाळी

रात्रपाळीत दर दोन तासांनी
मी खळदकरांची कूस बदलते.
दहा, बारा, दोन, चार.
तक्त्यावर: डावी, सही. उजवी, सही.

हडपसरच्या फाट्यावर पाटकरी होते ते.
खडकवासल्याचं आवर्तन सुटलं की
सायकलवरून दारं उघडत लोणीपर्यंत जायचे,
मुलगी सांगते.
आता अकरा आठवडे
गादीतली हवा तेवढी हलते.

पोटऱ्या आधी गेल्या. मग भूक.
छातीत तळाला गाळ धरतो,
पोकळ तळव्याने थापटलं तर
थोडा सुटतो.
हाडांतला चुना लघवीवाटे चाललाय, डॉक्टर म्हणाले.
काल माकडहाडावर रुपयाएवढी लाली दिसली.
बोटाने दाबली,
पांढरी झाली नाही.
तक्त्यात तिला रकाना नव्हता,
समासात लिहिली.

चारच्या पाळीला
टाचेखाली उशी सरकवताना
ते बोलले, अगदी स्वच्छ:
"शेपटाला पाणी पोचतंय का बघ, पोरी.
वरचेच सगळं पिऊन टाकतात."

मी घोटा वर-खाली केला,
वीस वेळा, मग दुसरा.
अंगठ्याचं नख दाबून सोडलं
आणि थांबले,
गुलाबी यायची वाट बघत.