ज्यानं तोंड उघडलं

हरिपुरात आमचं एक पेव होतं,
हळद पोटात घेऊन वर्षभर गप्प बसणारं.
आबा त्याचं तोंड उघडायचे
आणि कुणाला लगेच उतरू द्यायचे नाहीत.
आतली हवा मेलेली असते, म्हणायचे.
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा,
विझला तर अजून थांबायचं.
तेवढा वेळ आबा काठावरच. भाकरीसुद्धा तिथंच.
पोरं यायची खेळत, शेरडं यायची.
"पाटी लावा आणि घरी जा की," कुणी म्हणालं तर विचारायचे,
"शेरडाला वाचता येतं का?
ज्यानं तोंड उघडलं, त्यानं बसायचं."

पुरात पेव बुजलं.
मी सांगलीच्या मार्केट यार्डात दिवाणजी झालो,
मगदूमशेठच्या अडतीवर.
हाताखाली बिराप्पा, उमदीकडचा,
मराठी बोलणारा पण पोती कानडीत मोजणारा,
एकोणीस वर्षांचा.

गल्ल्याला कुलूप होतं, किल्ली माझ्या करगोट्याला.
तरी सौद्याला जाताना मी तो उघडाच टाकायचो.
"दिवाणजी, काय विश्वास हो तुमचा माणसांवर!"
लोक म्हणायचे.
मला ते ऐकायला आवडायचं.

एका मंगळवारी लवकर परतलो
तर तो झाडू धरून उभा,
गल्ल्याकडं बघत,
लहान मूल विहिरीत वाकून बघतं तसा.
मी खाकरलो. तो झाडायला लागला.
त्याची बहीण मिरजेच्या दवाखान्यात अडलीय
हे मला ठाऊक होतं.
म्हणजे कंदील विझलेला मी डोळ्यांनी पाहिला होता.
एक किल्ली फिरवायची होती फक्त.
बघू या, म्हटलं मनात,
पोरगं कसं निघतंय, बघू या.

अकराशे पन्नास. मोज्यात सापडले.
शेठनी हात उचलला नाही,
वहीतलं नाव तेवढं खोडायला सांगितलं.
मी खोडलं. पट्टी लावून, सरळ रेघ.
जाताना तो माझ्या पाया पडला.
चपलेच्या पट्ट्यावर त्याच्या बोटांची हळद
दोन दिवस होती.
पुसायचं धाडस झालं नाही,
आपोआप गेली.

आता चहाला उठलो तरी कुलूप लावतो.
नवा पोरगा, वैभव, एकदा फुगून म्हणाला,
"माझ्यावर विश्वास नाय होय?"
आहे की, म्हटलं, आणि किल्ली फिरवली.
त्याला ते खोटं वाटलं.
वाटू दे.

उमदीची गाडी दुपारी दोनला सुटते.
तीन रविवार स्टँडवर जाऊन आलो,
खिशात अकराशे पन्नास, पाकिटात घातलेले.
कंडक्टर आता ओळखतो.
"आज तरी चढणार का?" विचारतो,
आणि मी बाजूला होतो
मागच्यांना वाट द्यायला.