सहा वाव

आई खळं मोजायची ती वावांनी.
दोन्ही हात पसरून, या बोटापासून त्या बोटापर्यंत दोरी,
मग हात मिटून पुन्हा पसरून,
लांबून कुणाला कवेत घ्यायला निघाल्यासारखी.
नऊ वाव लांब, सहा वाव रुंद.
सर्जेकोटच्या खाडीकाठी एवढीच आमची जमीन,
तिच्यावर मोतकं, पेडवे, पौषात गोलमो.

लागून चंद्रावती कोयंडेचं खळं, सहा बाय सहा,
आणि उंडीकडच्या टोकाला अर्धगोल,
जिथे तिच्या सासऱ्याची होडी पालथी पडून डांबर प्यायची.
रापणीच्या एका वाट्यावरून
दोन पावसाळे दोघी बोलत नव्हत्या.
मधे दोन जाळी उभी, तिचं आणि आमचं,
दोन्हींच्या मधे फट:
एक वीत रुंद, सहा वाव लांब.
तिथे मांजर व्यायलं.
या फटीचं क्षेत्रफळ कुणाच्या हिशेबात धरायचं
असं मी सातवीच्या वहीत विचारलं.
मिठबावकर गुरुजींनी लाल पेनने लिहिलं: विषयांतर.

त्या वर्षी भाऊबीजेनंतर जुनी रापण मोडली.
तुकडे वाटले गेले, शेवटच्या दोन घरांत मिळून
शेचाळीस वाव.
आम्हांला हवं तीस.
चंद्रावतीला अठरा, आणि अर्धगोलाची कड:
पाय गुणिले तीन, म्हणजे नऊ आणि वर जरा.
(मी 'पाय' म्हटलं की आई माझे पाय बघायची.)
"पुरूचा नाय," ती म्हणाली,
"अर्धा तिका, अर्धा आमका, नि कावळ्यांका जेवाण."

मी वाळूत शिंपल्याने आकृती काढली.
तिची तोडली, आमची तोडली, मग चिकटवली.
क्षेत्रफळं मुकाट बेरजेला बसली,
चोपन्न, छत्तीस, चौदा आणि चिमूटभर.
मासळी तेवढीच, ऊन तेवढंच.
परिमिती मात्र बसेना.
चिकटल्यावर मधली कड दोन्हींकडून गळत होती,
सहा तिची, सहा आमची.
बारा वाव, जे उन्हात उभे होते, कुजत होते,
दरवर्षी आपण ज्यांची भोकं विणत होतो,
ते मुळात लागतच नव्हते.
सत्तावन्नातून बारा गेले.
पंचेचाळीस नि थोडं.
"पुरता," मी म्हटलं.
आईने मधली रेघ अंगठ्याने पुसून पाहिली.
परत काढली.
असं तीन दिवस.

चौथ्या दिवशी जाळ्यापलीकडून आवाज आला,
माझ्या आईला नाही, हवेला:
"चेडवाक इचार, माझी वाव आखूड आसा, ता धरल्यान काय?"
नव्हतं धरलं.
तिची सहा म्हणजे आईची साडेपाच.
मग दोरी एकच घ्यावी लागली
आणि तिला टोकं दोन होती.

खळी जोडली तेव्हा खाडीच्या अंगाला
अर्ध्या वावेची पायरी राहिली,
कुणीच ती सरळ केली नाही.
जाळं उरलं, दोन वावांना थोडं कमी,
त्यावर चंद्रावतीने दोडकी चढवली.
मांजराने पिल्लं कुठे हलवली, कळलं नाही.

गेल्या श्रावणात खाडीने आमचा पश्चिमेचा कोपरा नेला,
दोन वाव बाय एक.
आई फोनवर विचारते, "मगे जाळा कमी लागतला?"
"नाय गो. तितक्याच."
मी समजावते: आत वळलेली कड
बाहेर गेलेल्या कडेइतकीच असते,
दोन चौरस वाव गेले, परिमिती हलली नाही.
ती गप्प. मागे कावळे.
"दर्यो शाणो," ती म्हणते,
"जमीन नेता, वई ठेवता."
मग तोंड फिरवून कुणाला तरी सांगते,
तितक्याच म्हणता गो,
आणि उंडीच्या बाजूने
कुणीतरी खोकतं.