कच्चा

बोर्लीच्या नाक्यावर माझं दुकान.
आगळ, सोलं, तिरफळं, दारात वाळलेल्या बांगड्याचा वास,
आणि वरच्या फळीवर मध,
बिअरच्या बाटल्यांत, तीनदा धुतलेल्या.

दिवाळीत पुण्याचे एक गृहस्थ आले.
पायांत चपला नव्हत्या, मुद्दाम नव्हत्या.
म्हणाले, साखर सोडली, गहू सोडला,
आता पूर्वजांसारखं खातो.
कच्चा मध आहे?
मी म्हटलं, आहे.
धंद्यात नाही म्हणायचं नसतं.

मग म्हसळ्याहून पाचशे लेबलं छापून आणली.
पिवळ्यावर तपकिरी: कच्चा मध.
कोपऱ्यात माशी काढायला सांगितली होती,
ती गांधीलमाशी निघाली.
पण छापून झालं होतं.

मध आणतो चांगो हिलम.
चैत्र सरता सरता डोंगरावरच्या वाडीतून उतरतो,
डालड्याचा डबा, वर पळसाचं पान बांधलेलं,
एक डोळा सुजून बंद.
त्याला लेबल वाचून दाखवलं.
हसेल वाटलं होतं.
"कच्चा कोन काढतो?" म्हणाला.
"कच्चा माशीलाच ठेवायचा."

पायरीवर बसला, पाणी मागितलं,
काडीनं धुळीत भोकं पाडत सांगत राहिला:
जांभळीवरनं माशी आणते ते नुसतं पाणी.
रात्रभर पंखानं वारा घालते त्याला,
झाडाला कान लावला तर खोड घुमतं.
आटलं, दाट झालं, की वर मेणाचं झाकण.
झाकण लागलं तो पिकला.
उघडा तो कच्चा.
काढलास, तर आठ दिसांत आंबंल,
फसफसून बूच उडवंल.
"तुज्या गिऱ्हाइकाला तसला देऊ?"

मी विचारलं, आणि तुझे पूर्वज?
शब्द त्याला लागला नाही.
म्हटलं, बाप, आजा, त्याचा आजा. काय खायचे?
"गावंल ते."
बराच वेळ गप्प. एसटी आली, गेली.
मग म्हणाला, कडू कंद.
चिरून रात्रभर ओढ्यात बांधून ठेवायचे,
न्हाईतर घसा धरतो.
खेकडे. उंदीर, भाताच्या बिळातले.
कवा कवा कायच न्हाय.
आणि मध?
वर्साला दोनदा, लई तर तीनदा.
पोळ्याचा पिल्लांचा भाग पानात भाजून
झाडाखालीच संपवायचा, पोरं रांग धरून.
मध घरी. बाळंतिणीला बोटभर.
म्हाताऱ्याच्या खोकल्याला.
बाकीचा सगळा वाण्याला,
मिठासाठी.

वाण्याला, एवढंच म्हणाला.
नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.
हे दुकान आजोबांचं, हे त्याला ठाऊक,
त्याला ठाऊक आहे हे मला.

पैसे दिले. मोजले नाहीत त्यानं.
रिकामा डबा काखेत मारून चढ चढू लागला,
सुजलेल्या डोळ्याची बाजू उन्हाकडे.

वैशाखात ते गृहस्थ परत आले. सहा बाटल्या घेतल्या.
अगदी कच्चा ना, पूर्वी मिळायचा तसा?
मी म्हटलं, पूर्वीसारखाच.
त्या वर्षी एवढंच एक खरं बोललो असेन.

रात्री फळी खाली ओढून दिवा लावला.
गल्ल्याशेजारी आजोबांचं पितळी मापटं असतं,
मी त्यात सुटी नाणी ठेवतो.
ती ओतून काढली.
मीठ मोजायचं माप हे,
तळाला बोटभर जाडीचं मेण थापलेलं,
मधाच्या पोळ्याचं,
काळं पडलेलं, गुळगुळीत,
कडेला अंगठ्यानं दाबल्याची खूण.

नख लावलं.
अजून वास येतो.