उरलेलं नाणं

सुपीरियर सरोवराच्या काठी, एप्रिलातही बर्फ हलत नाही
अशा गावात,
मासे आणि पाय विकणाऱ्या हॉटेलात
आम्ही तिघी : मार्लिस, आयनो, मी.

मार्लिसनं लग्न तीनदा मोडलं,
एकाच मुलाशी.
तिसऱ्यांदा भिरकावलेली अंगठी पिठात पडली,
तळून निघाली,
आणि पाच नंबरच्या टेबलावर
पाद्रीबाबांच्या दाताखाली आली.
त्यांनी ती पुसून परत दिली. म्हणाले,
"आता तरी नीट ठरवा, दात एवढाच उरलाय."

आयनोचा तो लाकडाच्या ट्रकवाला
रोज ब्लूबेरी पाय मागवायचा, रोज तसाच ठेवायचा.
त्याला त्यानं पित्त उठतं
हे कळायला ऑक्टोबर उजाडला.
"मग मागवतोस कशाला?"
"कापायला तुला वेळ लागतो."

मी एकाच्या मांडीवर कॉफी सांडली.
तो ओरडला नाही,
मीही सॉरी म्हटलं नाही.
माझी गोष्ट अजून तिथेच ओली आहे.

रात्री खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून
टिपा तिघींत वाटायचो.
एक नाणं हमखास उरायचं.
ते कुणाचं, यावर भांडत बसायचो,
बाहेर गाड्यांचे हॉर्न
वाजून वाजून थकेपर्यंत.