काटा नंबर दोन

अठ्ठावीस वर्षं मी ट्रक तोलले.
भरलेला, वजा रिकामा, बाकी कोळसा.
काटा मारला नाही कधी.
हे आधीच सांगतो, कारण पुढचं सांगायचं आहे.

खाण एक, थर एक,
लोडरही एकच, ज्याच्या आरशाला कवडू टेकामनं
लेकीची जुनी रिबीन बांधलेली.
पावत्या मात्र दोन रंगांच्या:
पिवळी वीज केंद्राची,
पांढरी उरलेल्या सगळ्यांची.
पांढरीवरचा आकडा जवळजवळ दुप्पट.

शालूबाई पाचभाईंची चुन्याची भट्टी
काट्यापासून दीड कोसावर.
स्वतः यायच्या, ड्रायव्हरशेजारी बसून,
मांडीवर डबा, पायाशी ओलं गोणपाट.
एकदा पुढे पिवळीवाला होता, मागे त्या.
दोन्ही पावत्या त्यांनी उन्हात धरल्या,
नोट तपासावी तशा.
"कोयसा त एकाच ढिगाचा हाय ना जी?"
हो, म्हटलं.
"मंग फरक कायचा?"
घेणाऱ्याचा, म्हटलं,
आणि दुसऱ्या ट्रकला हात केला.

बुधवारच्या बाजारात अनसूया वांगी विकते.
मास्तरला चाळीस, मला तीस,
पोलीस पाटलाला फुकट, वर कोथिंबीर.
कोणी कोर्टात जात नाही.
तिच्या डाव्या हाताला दुसरी पाटी आहे,
तिच्यापुढे तिसरी.
नाही पटलं, तर चार पावलं चालायची.

कोळशासाठी कुठे चालणार?
चारही दिशांना जमिनीखाली एकच मालक,
फाटकावर तिरंगा,
आणि मालक म्हणतो, मी म्हणजे तुम्हीच.

शालूबाई दिल्लीला गेल्या नाहीत, कागद गेले.
कंपनीचं उत्तर आलं:
वीज हे देशाचं काम, चुना हा धंदा.
त्याची झेरॉक्स मी रात्री मेणबत्तीवर वाचली.
आमच्या खिडकीतून
वीज केंद्राची चिमणी स्पष्ट दिसते.

मग साक्षीला मला बोलावलं.
आदल्या दिवशी साहेबांनी चहा पाजला,
अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.
म्हणाले, "आठवत नाही, हेही उत्तर असतं, ढवसभाऊ."
चहात साखर जास्त होती.
विचारलं गेलं: मालात फरक होता का?
मी म्हणालो, काट्याला घेणाऱ्याचं तोंड दिसत नाही.
वजन दिसतं. प्रत मी डोळ्यांनी पाहिली.
तीच होती.

निकाल लागला तोवर भट्टी थंड होऊन
दोन दिवाळ्या उलटलेल्या.
प्रबळ स्थानाचा गैरवापर, असे शब्द होते त्यात.
मी ते दोनदा वाचले, चांगले वाटले.
दंडही झाला.
सरकारच्या कंपनीनं सरकारच्या तिजोरीत भरला.
"या कनवटीचं त्या कनवटीत?"
अनसूया इतकी हसली
की दोन वांगी घरंगळत नालीत गेली.

पावती आता एकाच रंगाची, निळी.
दर कुठे थांबला ते विचारू नका,
तो वर जायचा रस्ता विसरलेला नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात
शालूबाई एसटीनं आल्या,
केबिनला मारायला उरलेला चुना घेऊन.
ट्रक नव्हता. काटा रिकामा.
पिशवी खाली ठेवून त्या सरळ
लोखंडी पाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या,
पदर खोचून, चपला काढून.
पडद्यावर आकडा उमटला: पन्नास.
माझ्याकडे बघून म्हणाल्या,
"पावती फाडा ना जी.
कोन्या रंगाची?"