मगरकात्री

आमच्या जालन्यात व्होल्वो म्हणजे बस.
रात्री मंठा चौफुलीवरून उचलणारी,
पांघरूण देणारी, उजाडता पुण्यात उतरवणारी.
म्हणून भंगार यार्डात क्रेननं ही ठेंगणी राखाडी गाडी टेकवली
आणि काट्यावरच्या सिकंदरनं पावतीवर व्होल्वो लिहिलं,
तेव्हा मी म्हणालो, आरं, बाकीची बस कुठाय?

अठरा वर्षं गाड्या कापायलो.
गाडी कशी मेली ते मला पत्र्यावरून कळतं.
उसाच्या ट्रॉलीखाली शिरलेली वेगळी,
पुलाच्या कठड्याला भिडलेली वेगळी.
सीटवरचे डाग बघत नाही.
मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बघायचे नाहीत.

हिचं बॉनेट चुरगळलेलं, काचेवर जाळं,
वायपरमध्ये अडकलेले करडे, राठ केस.
माणसाचे नव्हेत.

दुपारी रिक्षानं बाई आल्या.
मिसाळ डॉक्टरीण, अंबडच्या.
सीटखाली चष्म्याचं घर राहिलंय म्हणाल्या,
आणि मी ते शोधेपर्यंत बोलत राहिल्या,
माझ्याशी का गाडीशी, कळेना.

वाळूजच्या कारखान्यातला गोरा साहेब
मायदेशी जाताना विकून गेला होता.
पार्ट पुण्याहून. पुण्यात नसला तर दीड महिना.
नुसत्या आरशाला एकदा सतरा हजार.
घरचे म्हणायचे, काढून टाक, इनोव्हा घे.
आणि पट्टा लावेपर्यंत हिची टुणटुण,
तीर्थपुरीची बाळंतीण अडलेली असली तरी टुणटुण,
शेजारी ज्वारीचं पोतं ठेवलं तरी टुणटुण.
"पोत्यालासुद्धा पट्टा बांधायचे मी."

हा तिरपा पट्टा ह्याच लोकांनी काढला, एकोणसाठ साली,
आणि पेटंट सगळ्यांना मोकळं ठेवलं.
विहिरीवर रहाट बसवावा
आणि कुलूप लावू नये, तसं.
पहिली गाडी, सत्तावीस सालची,
कारखान्यातून निघाली ती म्हणे उलटी.
काहीतरी चुकीचं बसलं होतं.
मला ते बरं वाटलं.
ज्यांची पहिलीच गाडी मागं गेली
ते मागंपुढं बघायला शिकणारच.

"किल्ली देताना साहेब म्हणाला,
आमच्याकडं जंगलातून घोड्याएवढं सांबर येतं, लांब पायांचं.
पाय तुटतात आणि धड काचेवर येतं.
म्हणून हे खांब एवढे मजबूत.
मी हसले. आमच्याकडं कुठलं आलंय सांबर!"

सुखापुरी फाट्याच्या पुढं, पहाटे तीनला,
तुरीतून रोही निघाला.

बाईंनी खांद्यापासून कमरेपर्यंत बोट फिरवलं.
"इथं सगळं जांभळं आहे. जानव्यासारखं."
हसल्या. मग नाही हसल्या.
"नर नव्हता तो. मादी होती. गाभण.
मी उतरून हात लावून बघितला."

चष्म्याचं घर सापडलं. आत चष्मा नव्हता.
जाळीवर गोल होतं, गोलातून बाहेर निघालेला बाण.
बाई म्हणाल्या, "दवाखान्यात ही पुरुषाची खूण.
त्याच्या आधीची, लोखंडाची."
जन्म गेला माझा लोखंडात.
त्याला खूण असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या गेल्यावर गाडी मगरकात्रीत घातली.
टप सुटला, दारं सुटली.
काचेजवळच्या खांबाला कात्री दोनदा अडली,
मोटर कण्हली, सिकंदर काट्यावरून बघायला आला.
तिसऱ्यांदा तुटला.
तुटतंच. सगळं शेवटी भट्टीत जातं,
सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये.
खूण मी काढून ठेवायला पाहिजे होती.
राहिलं.

संध्याकाळी सिकंदरच्या पिकअपमध्ये बसलो.
सीटकव्हराखाली दडपलेला पट्टा ओढून काढला.
बक्कलात भुईमुगाचं टरफल अडकलेलं,
ते नखानं उकरायला
पार नवीन मोंढ्यापर्यंतचा रस्ता गेला.
खट्‌ आवाज आला तसं
सिकंदरनं ब्रेकवर पाय ठेवला.
"का रं, पुढं पोलिस हायेत का?"