मुंग्यांचं लायसन

भिशी लागली त्या महिन्यात अण्णांनी सेट आणला,
बेळगावात अजून टॉवर नव्हता तेव्हा.
शहापुरात, आमच्या विणकर गल्लीत,
लाकडी शटरचा तो डबा
मागाशेजारी मांडला आणि लावला:
मुंग्या.
पांढऱ्या, काळ्या, परत पांढऱ्या.
गल्ली दोन तास बघत बसली.

दुसऱ्या दिवशी अण्णा पोस्टात गेले,
पन्नास रुपये भरले,
पुस्तिकेवर शिक्का मारून घेतला.
पोस्टमास्तर कुलगोड म्हणाले,
"दिसत काय नाही की हो मुतगेकर, भरता कशाला?"
"दिसंल तवा
मी चोर म्हणून दिसायचा नाही."

टॉवर आला पावसाळ्यानंतर.
आला तो दिल्ली घेऊन.
पाटी कुठल्या लिपीत लावायची यावरून
ज्या गल्लीत दोनदा दगड पडले होते
तिथं संध्याकाळी तिसऱ्याच भाषेत
गव्हावरच्या तांबेऱ्याची माहिती मिळू लागली.
आमच्याकडे गहू नव्हता. सूत होतं.
नीलव्वा हुक्केरी उंबऱ्यात बसून
आईला कन्नडात सांगायची, आई आम्हाला मराठीत,
आणि हिंदी दोघींनाही येत नव्हतं.
त्या बातम्या मी आजही खऱ्या धरतो.

हिशेब भरमाकाकांनी मांडला, भिंतीवर, खडूनं:
वर्षाला पन्नास म्हणजे दिवसाला चौदा पैसे,
बघणारे धरा तीस,
माणशी अर्धा पैसासुद्धा पडत नाही.
स्वस्त!
आई कांडी भरता भरता म्हणाली,
"आणि थांबलेले माग?"
सात ते नऊ सहा माग गप्प,
रोजचं अडीच हात लुगडं न विणलेलं,
ते कुठल्या रकान्यात?
काकांनी खडू खिशात घातला.

अण्णांचं भांडण वेगळं होतं.
बातम्यांच्या शेवटी तपमान सांगायचे,
मुंबई इतकं, बंगळूर इतकं.
मधे काही नाही.
मधे आम्ही, घामानं निथळत,
एकही अंश नसलेले.
महिन्याला एक पोस्टकार्ड जायचं:
"मी परवानाधारक, क्रमांक अमुक.
आमच्या गावालाही हवा आहे.
कृपया सांगावी."
एकदा उत्तर आलं, छापील,
पत्र पोचल्याचं.
अण्णांनी ते पुस्तिकेत ठेवलं, शिक्क्याच्या पानाला लागून.

मग सरकारनं लायसनच काढून टाकलं.
काकांनी पेढे वाटले.
अण्णा तरी गेले पोस्टात, नोट घडी करून.
"फुकट झालंय, घरी जावा," कुलगोड हसले.
"फुकट कसं?
उद्या काय चुकलं तर
मी कोण म्हणून लिहू?"
कुलगोडांपाशी त्याचा फॉर्म नव्हता.

त्यानंतर कार्डं थांबली.
अण्णा बघायचे, खरं खुर्ची जरा मागं सरकवून,
सोयरिकीच्या घरी बसतात तसे,
आणि आवाज कमी कर म्हणून
कधी बोलले नाहीत.

आता माझ्या खात्यातनं महिन्याला रिचार्ज जातो,
किती ते मी बघत नाही.
हवा तर तासातासाची मिळते, गल्लीच्या नावासकट.
नाव चुकीचं लिहिलंय, दोन्ही भाषांत.
दुरुस्तीला एक बटण आहे,
ते दाबलं की आभार मानतात.

परवा पेटीच्या तळाला पुस्तिका सापडली.
आत पन्नासच्या तीन नोटा,
बंद झाल्यावरच्या तीन वर्षांच्या,
प्रत्येकीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली:
वर सन,
खाली अण्णांचं तिरकं अक्षर,
"बाकी".